सहदेवचं नेलपॉलिश

"लाल पायजे. पक्का. पाण्यात बुडवला तरी सुटता नये!"

सहदेव हे अगदी हळू बोलला होता. म्हणजे त्याला तसं वाटलं होतं. उभा जन्म गिरणीच्या साचेखात्यात काढलेला माणूस. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कान गेलेले. अशा माणसाची कुजबूज पलीकडच्या फुटपाथला ऐकू जाते.

मुलुंडच्या त्या बांगड्यांच्या दुकानात चंद्रप्रकाशने बाटल्या मांडल्या. "किसके लिए, काका?"

"घरात लागता."

आता बघा, बायको जाऊन वर्ष झालेलं, पोरगी लग्न होऊन कांदिवलीला, घरात हा एकटा. मागे बांगड्या भरायला बसलेल्या शेजारच्या मालनने एक हात भरून घेतला आणि दुसरा तसाच ठेवून ती उठली.

नेलपॉलिश कशाला, ते सांगतो. संप मोडला आणि गिरणीने काही सहदेवला परत घेतलं नाही. दिवसा तो एका वर्कशॉपात पडेल ते काम करी आणि संध्याकाळी रेडिओच्या क्लासला बसे. गणपतीच्या आधी पोरगी प्रेमा कांदिवलीहून आली होती. आईच्या दिवसपाण्यावरून बापलेकीत थोडी बोलाचाली झालेली, ती मिटवायला आली होती बिचारी. दार बडवून बडवून तिचे हात दुखले. खिडकीतून दिसतंय, आत दिवा जळतोय, आणि सहदेव मोरीत दाराकडे पाठ करून भांडी घासतोय. आई होती तोवर दार आईच उघडायची. प्रेमाला वाटलं, बाबा मुद्दाम उघडत नाहीत. रडत माघारी गेली ती पुन्हा फिरकली नाही. सहदेवला हे मागाहून शेजाऱ्यांकडून कळलं.

म्हणून सहदेवला घंटी बनवायची होती. बटण दाबलं की आत लाल दिवा लुकलुकायला लागणार, दार उघडेपर्यंत थांबणारच नाही, अशी. त्याला सर्किटची पाटी लागते. तयार पाटी परवडेना, तेव्हा त्याने लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या पाटीचे कापलेले तुकडे आणले. क्लासच्या सरांनी युक्ती दिली होती: तांब्यावर नेलपॉलिशने रेघा काढायच्या आणि पाटी फेरिक क्लोराईडच्या पाण्यात टाकायची. रेघांखालचं तांबं राहतं, बाकीचं ते पाणी खाऊन टाकतं.

पहिल्या खेपेला पाण्याने रेघाही खाल्ल्या. सहदेव तडक दुकानात.

"काय रे, पक्का म्हणून दिलास ना? एका तासात सुटला!"

"काका, नाखून पे तो हफ्ता टिकता है."

"मग माझ्या नखावर लावून दाखव!"

चंद्रप्रकाशने त्याच्या अंगठ्याला लावून दाखवलं. सहदेव अंगठ्यावर फुंकर घालत सगळ्या गल्लीतून घरी आला. कपाळाला हात लावायची पाळी, पण ती गल्लीवर.

त्यात त्या पाण्याचा गुण असा, की हाताला लागलं की हात पिवळे. धुवा, घासा, जात नाही. सहदेवने मोरीपुढे बायकोची, शेवंतीची जुनी साडी आडवी बांधली होती, त्या पाण्याचा टब कुणाला दिसू नये म्हणून. कारण तारांना सोल्डरिंगचा डाग लावतानाच्या धुरावरून मालनने आधीच तोंड सोडलं होतं. 'ॲसिड' नुसता शब्द कानावर गेला असता तर तिने चाळ डोक्यावर घेतली असती.

आणि नेमकी मालनच वाटीभर साखर मागायला दारात.

"भावजी, हात कसले ओ पिवळे?"

सहदेव चपापला. "हळद. हळदच ती. डबा सांडला."

"आणि अंगठा लाल?"

"तो... तो दुकानदारान केला."

मालनची नजर मोरीकडे गेली. "ती साडी का बांधलीय?"

"आडोसा."

"तुम्ही एकटे. आडोसा कुणापासून?"

सहदेवने दोन्ही पिवळे हात जोडले. "वहिनी, कुणाक सांगू नका. प्रेमाला तर अजिबात नाय. ती येतली तेव्हा तिने आपल्या डोळ्यांनी बघायचा!"

मालन साखर न घेताच गेली. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या फोनवरून तिने प्रेमाच्या शेजारणीचा पीपी नंबर लावला.

दोन दिवसांनी मालनचा नवरा सीताराम जिन्यात सहदेवला भेटला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून कानात ओरडला, "लगीन केलंस आणि पेढा नाय? आता रविवारी पोरगी येतेय, भोग फळं!"

सहदेव तिथेच जिन्यावर बसला. एका न उघडलेल्या दारावरून जी रुसली, ती आता ह्या जन्मात तोंड बघायची नाही. त्याने ठरवलं, रविवारपर्यंत घंटी पेटलीच पाहिजे. पुरावा तोच.

रविवारी सकाळी त्याने नव्याने रेघा काढल्या, तांबं लवकर खाल्लं जावं म्हणून टबात गरम पाणी ओतलं, पाटी सोडली. पण प्रेमा आली आणि पुन्हा ऐकूच आलं नाही तर? म्हणून दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसला. बसला तो बसलाच. आठवण झाली तेव्हा टबात कोरी पाटी पडली होती. रेघ नाही, तांबं नाही, काही नाही.

तो कोरी पाटी हातात घेऊन वळतो, तर दारात प्रेमा.

"कुठे आहेत त्या?" तिने विचारलं.

"कोण नाय गो! देवाशपथ कोण नाय!" आणि त्याने धडाधड सगळं सांगितलं. घंटी, दिवा, बाटली, हळद. साडी बाजूला ओढून टब दाखवला. अंगठा दाखवला.

प्रेमाने मोरीत वाकून बघितलं. मग खोलीभर बघितलं. खोली ती केवढी.

"कुणीच नाही?"

"कुणीच नाय. शप्पत."

प्रेमा खाटेवर बसली. सहदेवला वाटलं, आता हसेल. तिने पिशवीतून एक हिरवी साडी काढली, वर खण, वर नारळ.

"फोन आला तेव्हा मी खूप रडले, बाबा. मालनकाकूंना नको नको ते बोलले. मग तुमचे जावई म्हणाले, 'अगं, निदान दारावर कोण आलं ते बाबांना सांगणारं माणूस तरी आलं घरात.' आणि बघा ना, मला बरं वाटायला लागलं. साडी घेताना तर किती वेळ रंगच ठरेना. त्या गोऱ्या असतील की सावळ्या..."

तिने साडी खाटेवर ठेवली.

सहदेवने भांडणाची सगळी तयारी केली होती. ह्याची नव्हती.

"माफ कर गो बाय," तो खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसत म्हणाला.

साडी दोघांच्या मध्ये खाटेवर होती, आणि ती उचलून पिशवीत परत कुणी घालायची, हे दोघांनाही कळत नव्हतं.