तेलाशिवाय जळणारा दिवा

मेकॅनिकला न बोलावता आपण स्वतःच जावं, असं मी त्या रविवारी सकाळी ठरवलं. एवढंच. (आमचे यजमान म्हणतात, आपल्या घरातल्या सगळ्या संकटांची सुरुवात तुझ्या 'एवढंच'पासून होते.)

धाकट्या भावाचा, आर्गिरिसचा फोन आला तेव्हा मी कोलिवाच्या परातीवर पिठीसाखर थापत होते. गेलेल्या माणसाच्या नावानं चर्चमध्ये वाटतात ते उकडलेले गहू. वर साखरेच्या रुपेरी गोळ्यांनी मी नाव काढलं होतं, स्तामाता. माझी भावजय. वर्षापूर्वी घाटातल्या वळणावर गाडी बर्फावरून घसरली आणि ती गेली. गाडी आर्गिरिस चालवत होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही, आणि त्याबद्दल त्यानं देवाला अजून क्षमा केलेली नाही. कबरीपाशी सगळ्यांदेखत तो आमच्या पाद्र्यांना, पापा-लाम्ब्रोसना म्हणाला होता, "तुमचा देव त्या वळणावर झोपला होता." त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नाही. आज तिची वर्षाची प्रार्थना. नवऱ्यानंच यायचं नाही, तर हे गहू मी कोणाच्या हातात द्यायचे?

"ताई, गाडी बंद पडली."

"कुठे?"

"वळणावर."

"कुठल्या?"

"त्याच."

"पण चर्च तर इकडे आहे!"

"म्हणूनच तिकडे निघालो होतो."

परात मागच्या सीटवर ठेवली, चर्चसाठी काढलेली तेलाची बाटली पिशवीत घातली आणि निघाले. मनातून मला आनंदच झाला होता. बरोब्बर त्याच जागी गाडी थांबते म्हणजे काय? स्तामातानंच थांबवली!

त्या वळणावर मी तिच्या नावानं एक देवळी बसवली आहे. लोखंडी खांबावर पत्र्याचं घरकुल, आत संताची तसबीर, तिचा फोटो आणि दिवा. दर आठवड्याला मी तेल घालायला जाते, तर दिवा आधीच भरलेला आणि जळत असतो! वर्षभर हे असंच. चमत्कार नाही तर काय? मी हे फक्त फ्रोसोकाकूंना सांगितलं. (आमच्याकडे फ्रोसोकाकूंना सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं.) आता बसमधल्या बायकासुद्धा त्या वळणावर क्रुसाची खूण करतात.

आर्गिरिस गाडीला टेकून उभा होता. काळा कोट, दाढी केलेली. पळून जाणारा माणूस इतका नीटनेटका कशाला होतो, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

"बॅटरी उतरली. केबल आणलीस?"

"पवित्र पाणी आणलंय."

"गाडीचा बाप्तिस्मा करायचाय का?" तो वैतागला. "थांब इथेच. वरच्या खडकावर रेंज येते, मेकॅनिकला फोन करतो. कशालाही हात लावू नकोस."

मी हात लावला. किल्ली फिरवली, तर समोर तेलाच्या झारीचं लाल चित्र लागलं. म्हणजे तेल संपलंय! (किल्ली फिरवली की ते चित्र चांगल्या गाडीतही लागतं, हे मला नंतर समजलं.) डिकीत इंजिन ऑइलचा कॅन होता. बॉनेट उघडलं, झाकण शोधलं आणि अख्खा कॅन आत रिकामा केला. वास मात्र ओळखीचा वाटला. आमच्या स्वयंपाकघरासारखा.

आर्गिरिस उतरून आला. माझ्या हातातला कॅन बघून त्याचा चेहरा पडला.

"काय केलंस?"

"ऑइल घातलं."

"त्यात ऑइल नव्हतं, ताई."

"मग काय होतं?"

त्यानं नुसतं देवळीकडे बघितलं. मीही बघितलं. दिवा विझला होता, पेला कोरडा.

"आपल्या झाडांचं ऑलिव्ह तेल होतं," तो म्हणाला.

"इंजिन ऑइलच्या कॅनमध्ये?"

"गाडीत तेलाची बाटली कोणाला दिसली असती, तर 'देवाकडे वळलास' म्हणत दुसऱ्या दिवशी पापा-लाम्ब्रोस दारात आले असते. आज दिवा भरून पुढे जायचं होतं. चर्चमध्ये उभं राहवलं नसतं."

म्हणजे माझा चमत्कार वर्षभर गाडीच्या डिकीतून ये-जा करत होता! मला हसू येईना, रडू येईना. मी पिशवीतली बाटली त्याच्यापुढे धरली. त्यानं पेला भरला, वात सारखी केली. तीन काड्या वाया गेल्या, चौथी लागली.

"तिला अंधारात झोप लागायची नाही," तो म्हणाला. "पॅसेजमधला दिवा आम्ही कधी मालवला नाही."

"मग देवाला मानतोस म्हण की."

"देवाचं मला माहीत नाही. हा दिवा विझू द्यायचा नाही, एवढं माहीत आहे." मग गाडीकडे बघत म्हणाला, "आता ही गाडी इंजिन धुतल्याशिवाय चालू करता येणार नाही. तुझी गाडी कुठे जाणार आहे?"

"माझी आज एकाच ठिकाणी जाते."

तो बसला. कोलिवाची परात मांडीवर घेतली. घाटातल्या प्रत्येक वळणावर ती दोन्ही हातांनी धरत होता. चर्चपाशी उतरलो तेव्हा स्तामाताच्या नावातलं एक अक्षर त्याच्या कोटाला चिकटलं होतं. मी झटकायला गेले.

"असू दे," तो म्हणाला.

शेवटच्या रांगेत, दाराजवळ उभा राहिला. पापा-लाम्ब्रोसनी तिचं नाव घेतलं तेव्हा परात मात्र कोणाच्या हातात देईना. त्यांनीही मागितली नाही. धूपदान घेऊन तेच त्याच्यापर्यंत चालत आले.

बाहेर पडताना फ्रोसोकाकूंनी गाठलंच. "पोलिक्सेनी, दिवा जळतोय ना गं अजून? तेलाशिवाय?"

आर्गिरिस आपले बूट बघत होता. कोणाला सांगणार नाही, अशी त्यानं वाटेत माझ्याकडून शपथ घेतली होती.

"जळतोय, काकू."

मेकॅनिककडून मात्र कोणी शपथ घेतली नव्हती. आमच्या गावात आता दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. तेलाशिवाय जळणारा दिवा, आणि इंजिनात सॅलडचं तेल घालणारी पोलिक्सेनी. पहिल्या गोष्टीवर काही लोकांचा विश्वास बसत नाही.

दुसरीवर सगळ्यांचा बसतो.