बाईसाहेबांची हजेरी

सकाळचे साडेदहासुद्धा झाले नव्हते आणि मांजर सहाव्यांदा वाळूच्या ट्रेमध्ये शिरलं. टाइमकीपरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मांडीवरच्या रजिस्टरात वेळ लिहिली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला.

"अगं, सहावी फेरी! दहा सत्तावीस!"

"मग मी काय करू? टाळ्या वाजवू?" आतून उत्तर आलं. पाठोपाठ अर्धा कप चहाही आला. "घ्या. काय बारीक लक्ष आहे हो तुमचं! बसा, बसून लिहा."

टाइमकीपर खूश झाले. बसून लिहिण्यासाठीच तर त्यांचा जन्म होता. चौतीस वर्षं कारखान्याच्या फाटकाशी काचेच्या केबिनमध्ये बसून त्यांनी बाराशे माणसांचं येणंजाणं लिहिलं होतं. कोण तीन मिनिटं उशिरा आला, कोण जेवणाची सुट्टी लांबवतो, एवढंच काय, एका पाळीत कोण किती वेळा संडासाकडे वळतो हेही त्यांना तोंडपाठ असे. आणि या माणसाने एवढ्या वर्षांत एकही खोटी नोंद केली नाही. मॅनेजर उशिरा आला तर त्याच्यापुढेही त्यांनी लाल शाईने फुली मारली होती. हे सगळं खरं आहे, आणि अशा माणसाला हसणं सोपं असलं तरी त्याच्यासारखं एक वर्ष काढून दाखवणं अवघड आहे.

पण निवृत्तीनंतर लिहायला काही उरलं नाही, तेव्हा ते स्वयंपाकघरात उभे राहून भांड्यांवरची झाकणं उचलू लागले. "आज भाजी सात मिनिटं उशिरा चढली," असं ते बायकोला सांगत. दोन वर्षं त्या बाईने हे ऐकून घेतलं. तिच्याबद्दलही आदर वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

मांजर मुलीचं. मुलगी पूल बांधणारी इंजिनिअर. तिची दोन वर्षांसाठी लांब बदली होणार होती आणि तिथल्या क्वार्टरमध्ये जनावर ठेवायला परवानगी नव्हती. त्याआधी पंधरा दिवस कामाची जागा बघायला जायचं म्हणून ती मांजर, ट्रे आणि खाण्याचे डबे घेऊन आईकडे आली.

"दोन वेळा जेवण, या मापाने," तिने आईला सांगितलं. "हा खाऊचा डबा. दिवसाला दोन तुकडे, फार तर तीन. आणि ट्रेकडे लक्ष ठेव. दिवसातून तीनचारदा जाते. त्याहून जास्त जायला लागली तर लगेच मला कळव. गेल्या वर्षी लघवीचा त्रास झाला तेव्हा मरता मरता वाचलीये ती."

"हे मला सांग," टाइमकीपर पुढे सरसावले. "ये-जा हे माझं खातं."

"बाबा, ती मस्टरवर सही करत नाही."

"कारखान्यातला लेथवालाही करायला तयार नव्हता. शेवटी केली."

मुलगी हसली, पण मग गंभीर झाली. "पंधरा दिवस बघू. नीट जमलं तर ती इथेच राहील. नाहीतर माझी मैत्रीण तिला न्यायला तयार आहे."

"म्हणजे प्रोबेशन," टाइमकीपर म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी नवीन रजिस्टर आखायला बसले. तारीख, वेळ, आत, बाहेर, कामगिरी, शेरा.

पहिल्याच दिवशी मांजराने त्यांना जिंकलं. ते ट्रेमध्ये गेलं, कोपरा निवडला, खड्डा खणला, काम उरकलं, वाळू ओढून चारही बाजूंनी नीट झाकली, एकदा हुंगून खात्री केली आणि मागे वळून न बघता बाहेर आलं. टाइमकीपर बघतच राहिले. बाराशे माणसांत नळ नीट बंद करून येणारा एकही त्यांना भेटला नव्हता.

"बाईसाहेब," ते उठून उभे राहत म्हणाले, "मानलं तुम्हाला!" आणि त्यांनी खाऊच्या डब्यातला एक तुकडा पुढे केला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'काम चोख. १ तुकडा बक्षीस.' तेव्हापासून मांजराचं नाव बाईसाहेब पडलं.

पहिल्या दिवशी फेऱ्या झाल्या तीन. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी सहा झाल्या तेव्हा टाइमकीपरांनी चष्मा पुसला. पाचव्या दिवशी नऊ झाल्या तेव्हा त्यांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

"जास्त खाते म्हणून जास्त जाते," त्यांनी बायकोला समजावलं आणि जेवणाचं माप निम्म्यावर आणलं. सहाव्या दिवशी फेऱ्या अकरा झाल्या.

"अहो, उपाशी आहे ती. बघा कशी तुमच्या तोंडाकडे बघतेय."

"मग कोरडं खाणं बाधत असेल." त्यांनी जेवणात पाणी कालवलं. आता वाळूचे ओले गोळे खरोखरच एकाने वाढले आणि फेऱ्या झाल्या तेरा. त्यातल्या चार कामाच्या, नऊ नुसत्याच. बाईसाहेब आत जात, दोनदा वाळू उकरत आणि बाहेर येऊन टाइमकीपरांसमोर बसत. त्या डोळ्यांत किती वेदना आहेत असं त्यांना वाटे. बिचारी प्रयत्न करते आणि होत नाही! ते खिशात ठेवलेला तुकडा देत, डोक्यावरून हात फिरवत आणि लिहीत, 'कामाविना परत. धीर दिला. १ तुकडा.'

"हा डबा दोन महिने पुरायचा होता ना?" बायकोने डबा हलवून पाहिला. तळाशी काहीतरी खुळखुळलं.

"आजारी माणसाचं खाणं मोजायचं नसतं," टाइमकीपर म्हणाले. जेवण मात्र आपणच मोजून निम्मं देतोय हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, कशी आहे? ट्रेमध्ये किती वेळा जाते?"

टाइमकीपरांनी रजिस्टरकडे पाहिलं. त्या दिवसाचा आकडा चौदा होता. मग बाईसाहेबांकडे पाहिलं. त्या त्यांच्या पायावर पाय ठेवून बसल्या होत्या. चौदा म्हटलं की मैत्रीण उद्याच पिंजरा घेऊन दारात उभी राहणार.

"नेहमीसारखी," ते म्हणाले. "तीन. चार."

फोन ठेवल्यावर पेन उचलून त्यांनी काहीतरी लिहिलं आणि रजिस्टर मिटलं. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की बायकोने न मागता पूर्ण कप चहा दिला.

"उद्या डॉक्टरकडे नेऊ," ती म्हणाली. "लपवून काय होणार? काही झालं तर पोरीला तोंड कसं दाखवाल?"

"तेच तर," टाइमकीपर म्हणाले. "मला ती जायला नकोय गं. पण मरायला तर त्याहून नकोय."

सकाळी टोपलीत बसवण्यावरून अर्धा तास गेला, कारण बाईसाहेब निघण्यापूर्वी दोनदा ट्रेमध्ये जाऊन आल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, ताप बघितला, लघवीचा नमुना काढून तपासायला पाठवला आणि अहवालाची वाट बघताना विचारलं, "किती वेळा जाते, काही अंदाज?"

"अंदाज?" टाइमकीपरांना तो शब्द लागला. त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी एक पान उलटलं, मग दुसरं. मग खुर्ची ओढून बसल्या. "वीस वर्षांत असं रेकॉर्ड मी पाहिलेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "लोक येऊन सांगतात, 'बरेचदा जाते.' इथे सेकंदसुद्धा आहेत!"

टाइमकीपरांची छाती चार बोटं फुगली. काळजीतही त्यांना राहवेना. "कारखान्यात एक लेथवाला होता," त्यांनी सुरुवात केली. बायकोने कपाळाला हात लावला. ही गोष्ट तिने निदान दोनशे वेळा ऐकली होती. "पाळीत नऊ नऊ वेळा संडासात जायचा. सगळे म्हणाले, पोटाचं दुखणं. मी मात्र महिन्याभराच्या नोंदी समोर ठेवल्या. शेजारच्या मैदानावर क्रिकेटचा सामना असेल त्याच दिवशी पोट बिघडायचं! संडासाच्या खिडकीतून मैदान दिसायचं. माणूस कशासाठी जातो ते बघू नये बाई, कधी जातो ते बघावं."

"अगदी खरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचं बोट एका रकान्यावर थांबलं होतं. "दुपारी एक ते तीन रोज काहीच नोंद नाही. तेव्हा ती झोपते?"

"मी झोपतो," टाइमकीपर म्हणाले.

"आणि ती?"

"माझ्याजवळ स्वयंपाकघरात असते," बायको म्हणाली. "ट्रेकडे ढुंकूनसुद्धा बघत नाही."

एवढ्यात अहवाल आला. सगळं स्वच्छ. खडा नाही, संसर्ग नाही, साखर नाही. डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर मिटून टाइमकीपरांच्या हातात दिलं, कोपऱ्यातला दवाखान्याचा वाळूचा ट्रे मधोमध आणून ठेवला आणि बाईसाहेबांना जमिनीवर सोडलं. बाईसाहेबांनी ट्रे बघितला, जांभई दिली आणि पंजा चाटत बसल्या.

"आता रजिस्टर मांडीवर घेऊन उघडा."

टाइमकीपरांनी उघडलं. पुठ्ठ्याचा ओळखीचा आवाज झाला. बाईसाहेबांनी कान टवकारले. त्या उठल्या, सरळ ट्रेमध्ये गेल्या, दोनदा वाळू उकरली, बाहेर आल्या आणि टाइमकीपरांसमोर बसून त्यांच्या खिशाकडे बघू लागल्या.

"मिटा."

मिटलं. बाईसाहेब पुन्हा पंजा चाटू लागल्या.

"उघडा."

उघडलं. बाईसाहेब पुन्हा ट्रेमध्ये!

तिसऱ्या वेळी बायकोला हसू आवरेना. तिने पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलत होते. डॉक्टरीणबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "हिला त्रास काहीच नाही. तुम्ही जेवण कमी केलंत म्हणून हिने जास्त वेळ काम करून भरपाई केली, इतकंच. पूर्ण जेवण द्या, पाणी भरपूर ठेवा, खाऊ दिवसाला दोन तुकडे, आणि तोही ट्रेजवळ द्यायचा नाही. आकडा आठवड्यात उतरेल. नाही उतरला तर पुन्हा या, कारण उगाच फेऱ्या मारणारं मांजर दरवेळी ढोंगी नसतं. तुम्ही आणलंत हे फार चांगलं केलंत."

"म्हणजे," टाइमकीपर सावकाश म्हणाले, "मैदान दिसणारी खिडकी..."

"तुम्हीच."

कुणाला वाटलं असतं की टाइमकीपर चिडतील. पण त्यांनी वाकून बाईसाहेबांकडे असं पाहिलं, जसं एखादा जुना पैलवान आपल्याला चीत करणाऱ्या पोराकडे बघतो. "बाराशे माणसं," ते म्हणाले. "चौतीस वर्षं. एकालाही जमलं नव्हतं."

"आणखी एक," डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रजिस्टर मागून घेतलं. "शेऱ्यात दरवेळी लिहिलंय, 'नोंद केली. अर्धा कप चहा.' काल चौदा फेऱ्या. म्हणजे चौदा अर्धे कप. साखर घालून?"

"दोन चमचे," टाइमकीपर म्हणाले. रजिस्टरासमोर ते खोटं बोलत नसत.

"मांजराची साखर ठीक आहे. तुमची कधी तपासलीत?"

आता हसणं थांबवण्याची पाळी बायकोची होती. ती खिडकीबाहेर बघू लागली. टाइमकीपरांनी तिच्याकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं.

"अगं, म्हणजे मी रजिस्टर उघडलं की तू..."

"आठ दिवस एकही झाकण उचललं नाहीत तुम्ही," बायको शांतपणे म्हणाली. "मला दुसरं काय हवं होतं?"

घरी जाताना टोपली टाइमकीपरांच्या मांडीवर होती. टोपलीकडे बघत ते म्हणाले, "दोघींनी मिळून चांगलंच शिकवलंत मला." आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त होतं.

पुढचे दिवस दोघांनाही जड गेले. बाईसाहेब ट्रेमधून बाहेर येऊन समोर बसत, टाइमकीपर छताकडे बघत. चहा दिवसाला दोनदा, बिनसाखरेचा. पण आकडा उतरला. नऊ, सात, पाच, आणि तेराव्या दिवसापासून चार.

पंधराव्या दिवशी मुलगी आली. टाइमकीपरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं आणि स्वतः उभे राहिले.

"बाबा, बसा ना."

"आधी वाच."

मुलगी वाचत गेली. आधी तिच्या भुवया वर चढल्या, मग ओठ दाबले गेले. आठव्या दिवसापाशी ती थांबली. तिथे लाल शाईची फुली होती आणि पुढे लिहिलं होतं, 'सायं. ७.१०. मुलीस फोनवर खोटे सांगितले. कारण, मांजर जाईल ही भीती. टाइमकीपर दोषी.'

"प्रोबेशन नापास," टाइमकीपर म्हणाले. "मला मान्य आहे. तुझ्या मैत्रिणीला फोन कर. फक्त तिला सांग, ट्रेजवळ खाऊ द्यायचा नाही."

मुलीने डोळे पुसले. पाणी हसून आलं की आणखी कशाने, ते तिलाच ठाऊक. "बाबा, तिच्या एकेका फेरीची वेळ लिहिणारा, आणि स्वतःचीच चोरी पकडून देणारा माणूस मी कुठे शोधू? माझी मैत्रीण तर पावसात खिडक्या लावायलाही विसरते." तिने रजिस्टर उघडंच ठेवून त्यांच्या हातात परत दिलं. "ती इथेच राहील. आणि पुढच्या वेळी चौदा असले तर चौदाच सांगा."

टाइमकीपर खाली बसले. रजिस्टर आपोआप मांडीवर आलं.

बाईसाहेब पेटीवरून उतरल्या, ट्रेमध्ये गेल्या, वाळू एकदाच उकरली आणि बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसल्या. खाऊचा डबा कपाटात होता, खिसा रिकामा होता, आणि गेल्या आठवड्यात या फेरीचं काहीही मिळत नाही हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. तरी त्या बसून राहिल्या, त्यांच्याकडे बघत.

टाइमकीपरांनी घड्याळ पाहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'काम नाही. खाऊ नाही. तरी हजर.'

स्वयंपाकघरात कुणीतरी चहाचं आधण ठेवलं.