आप्पांची फेरमोजणी

आमच्या शेजारच्या आप्पा विसपुत्यांकडे भात कायम गिचका व्हायचा, कारण आप्पा कुकरच्या शिट्ट्यांचीही फेरमोजणी करायचे. काकू म्हणायच्या, "तीन झाल्या." आप्पा हॉलमधून ओरडायचे, "दोनच! मधली अर्धवट होती, ती बाद."

जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यामुळे जन्मभर इलेक्शन ड्यूटी. सिन्नर म्हणू नका, नांदगाव म्हणू नका, सगळीकडच्या मतपत्रिका मोजून आलेला माणूस. लोकांनी गुलाल उधळायचा आणि आप्पांनी मिळेल त्या एसटीनं नाशिकला परतायचं. रिटायर झाल्यावर ती सगळी हौस आमच्यावर फिटायला लागली. सोसायटीत समोसे वाटा, "पुन्हा मोजा. मोजायला काय जातंय?" गणपतीत संगीत खुर्ची घ्या, तेच. डोकं उठायचं नुसतं!

अशा माणसानं सोसायटीच्या चेअरमनपदाला उभं राहावं? राहिले. "जन्मभर दुसऱ्यांच्या नावापुढचे शिक्के मोजले रे. एकदा आपल्या नावापुढचे बघायचेत," म्हणाले. समोर भामरे. मी सेक्रेटरी, म्हणून निवडणूक अधिकारीही मीच. भोगा!

पार्किंगमध्ये मतमोजणी झाली. आप्पा एका मतानं निवडून आले. मी हार उचलला, तर आप्पांचा हात वर.

"फेरमोजणी!"

"अहो, तुम्ही जिंकलात!"

"म्हणूनच. हरलेल्यानं मागितली की लोक रडका म्हणतात. एका मतानं जिंकलेल्यानं स्वतःहून मागावी."

भामऱ्यांनासुद्धा घरी जेवायला जायचं होतं. पण छे! पुन्हा गठ्ठे सोडले. आप्पा एकेक मतपत्रिका ट्यूबलाइटसमोर धरायला लागले आणि एकीवर थांबले. शिक्का त्यांच्याच नावापुढं, अगदी चौकटीत. आणि नावावर कुंकवाचं बोट. मी आधी तो शाईचा डाग समजलो होतो.

मत कुणाचं, हे सगळ्या पार्किंगला कळलं. कुणाकडे नवा मिक्सर आला तरी काकू आधी कुंकू लावून यायच्या. सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीलाही त्यांचंच कुंकू. नवऱ्याचं नाव छापून आलेलं बघून त्या बाईचा हात राहतोय होय?

"मतदार ओळखू येतो. मत बाद," आप्पा म्हणाले.

"असू द्या हो, वहिनींचं आहे," खुद्द भामरे म्हणाले.

"तुमच्या मिसेसनं लावलं असतं तर मी बाद करा म्हटलं असतं ना? मग झालं."

मतं समसमान. चिठ्ठी टाकली. नाव भामऱ्यांचं निघालं. मी हार त्यांच्या गळ्यात अक्षरशः फेकला. तत्त्व म्हणे! हातातोंडाशी आलेला घास स्वतःच्या हातानं घालवला या माणसानं.

चांगलं सुनवायचं ठरवूनच आप्पांच्या मागोमाग जिना चढलो. गुडघ्यांमुळं काकू मत देऊन लगेच वर आल्या होत्या. दारातच उभ्या होत्या, ओवाळायचं तबक घेऊन. आमची तोंडं बघून त्यांनी तबक खाली केलं.

"चिठ्ठीत गेलं गं," आप्पा म्हणाले.

"जाऊ दे. पण माझं मत धरलं ना हो?"

आप्पांनी चपला काढायला उगाच वेळ लावला. "धरलं की! दोन्ही वेळेला धरलं."

काकूंचा चेहरा एवढासा झाला होता, तो फुलला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "खरं का रे?"

जन्मात कधी चुकीचा आकडा न सांगितलेला माणूस खाली मान घालून उभा होता. कान लाल झाले होते त्याचे. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"हो काकू," मी म्हटलं. "मीच मोजलं ना."