शेवटच्या प्रकरणाचा पाहुणा

देशोधडीला लागलेल्या वादकांवरचं व्याख्याते महाशयांचं पुस्तक शेवटच्या प्रकरणाशी येऊन अडलं होतं. ते पुरं झालं तर प्राध्यापकपद, नाहीतर आहे तिथेच. राजवट उलटल्यावर मायदेश सोडून आलेल्या एका वृद्ध ट्रम्पेटवादकाच्या आठवणी तेवढ्या हव्या होत्या. म्हणून त्यांनी त्याला दोन दिवसांसाठी घरीच बोलावलं.

ट्रम्पेटवाले आजोबा आले ते मोठी ट्रंक घेऊन. त्यांना खिडकीशिवाय झोप येत नसे, म्हणून अभ्यासिका त्यांना दिली. उशीही व्याख्यात्यांचीच आवडली.

"हं, तर तुम्ही सीमा ओलांडलीत..." व्याख्यात्यांनी रेकॉर्डर सुरू केला.

"वाजवल्याशिवाय मला आठवत नाही. आणि कोणी समोर असलं की वाजवता येत नाही."

व्याख्याते कागदपत्रांसह जेवणाच्या टेबलावर आले. तिथे आजोबा व्याख्यात्यांच्या मुलीला ट्रम्पेट शिकवू लागले, तेव्हा ते स्वयंपाकघरात सरकले. "अहो, पायात पायात येऊ नका," म्हणून बायकोने तिथूनही हुसकलं. पंधरवड्याने ते बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या झाकणावर लिहीत होते. मशीन सुरू झालं की अक्षर बिघडे.

"कधी जाणार म्हणतात?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"ऐकतील ना! एकदा घर सुटलंय बिचाऱ्यांचं. आता आपणही काढायचं?"

हेच तर त्यांनी दोनशे पानं लिहिलं होतं.

प्रकरण अर्धवटच राहिलं आणि प्राध्यापकपदाच्या मुलाखतीचा दिवस उजाडला. निवड समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "घर सुटलेल्या माणसाला सगळ्यात जास्त काय सलतं?"

पाठ केलेलं उत्तर व्याख्याते साफ विसरले.

"उशी," ते म्हणाले. "आपलीच उशी दुसऱ्याच्या डोक्याखाली दिसते. आणि आपण उगाच कुरकुर करतोय, असं सगळ्यांना वाटतं."

समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. पुस्तक सावकाश पुरं करा, म्हणून सांगत समितीने पद तिथल्या तिथे देऊन टाकलं.

नव्या प्राध्यापकांनी लगेच घरी फोन लावला. आजोबांनी उचलला.

"बाई कामात आहेत. काही निरोप?"

"मी प्राध्यापक झालो म्हणून सांगा!"

"अरे वा, अभिनंदन!" आजोबा म्हणाले. "आमच्या इथल्या बाल्कनीतले एक गृहस्थही आज तिकडेच आलेत. त्यांचं काही कळलं का हो?"