मौनातली गोळी

गोपाळकृष्ण टाकळकर कूलरसमोर कंबरेत वाकून उभे होते. विजयाबाई तिथून पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांना वाटलं, टाकीत पाणी राहिलंय का ते बघत असतील. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा वाटलं, श्रावणी सोमवार आहे, महाकालाला नमस्कार चालला असेल. दिशा कूलरची होती, पण देव काय, सगळीकडे असतो. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा मात्र त्यांनी परात खाली ठेवली.

"अहो, कंबर धरली का?"

टाकळकरांनी उत्तर दिलं नाही. त्यांचं मौन होतं.

हे मौन साधं नव्हतं. गेल्या श्रावणात विजयाबाईंचा धाकटा भाऊ जयंत यानं सोमवारी मौन धरलं होतं. पण चहा हवा तर चिठ्ठी, साखर कमी पडली तर बोटांच्या खुणा, आणि शेजारच्या रेडिओवरचा क्रिकेटचा स्कोअर विचारायला दोन्ही. टाकळकरांनी तेव्हा महाराष्ट्र समाजाच्या भर बैठकीत जाहीर केलं होतं, "याला मौन म्हणत नाहीत, तारऑफिस म्हणतात! लिहिणं म्हणजे हातानं बोलणं आणि खुणा म्हणजे अंगानं बोलणं. खरं मौन मी दाखवीन पुढच्या वर्षी. चारही सोमवार, दिवेलागणीपर्यंत. वर निर्जळी उपास." मंडळींनी टाळ्या वाजवल्या होत्या. बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेल्यामुळे टाकळकरांना नियम करण्याचा शौक होता. तो नियम आपल्यालाही लागू होईल ही बाजू त्यांनी तपासली नव्हती.

तीन सोमवार निभावले. आजचा चौथा, शेवटचा. जयंत दर सोमवारी ताईला फोन करून विचारायचा, "पडली का विकेट?"

पाऊस लागल्यावर कूलर मागच्या ओट्यावर नेऊन ठेवणं हे घरातलं टाकळकरांचं एकमेव शारीरिक काम. सकाळी पहिला जोर लावताच कंबरेत चमक आली. त्यांनी गुपचूप कपाटातून पांढरी गोळी काढली. गुडघा सुजला होता तेव्हाची उरलेली. पोटात काही नव्हतं, पण मौनात आणि उपासात माणसाला आपण तपस्वी असल्यासारखं वाटतं, आणि तपस्व्याला जठर नसतं. गोळीबरोबर घोटभर पाणी चालतं की नाही यावर त्यांनी स्वतःच्या बाजूनं निकाल दिला. थोड्या वेळानं दुखणं थांबलं. दुखणं थांबलं म्हणजे कंबर बरी झाली असं समजून त्यांनी कूलर पुन्हा उचलला. त्यानंतरचे टाकळकर आपण बघितलेच आहेत.

विजयाबाईंनी त्यांना भिंतीच्या आधारानं आणून दिवाणावर आडवं केलं आणि आपल्या डब्यातून गुलाबी गोळी काढली. त्यांचा खांदा आखडायचा तेव्हा डॉक्टरनं दिलेली.

टाकळकरांनी डोळे मोठे केले. 'मी आधीच एक घेतली आहे' एवढा मजकूर डोळ्यांतून सांगायचा त्यांचा प्रयत्न होता.

"डोळे काय वटारता? गोळीनं उपास मोडत नाही. गोळीत काय पोळी असते?"

त्यांनी डोळे मिटले.

"हं, आता शहाण्यासारखं. आ करा."

टाकळकरांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. ती पांढरी, ही गुलाबी. ती गुडघ्याची, ही खांद्याची. दोन वेगळी खाती. त्यांनी आ केला.

दुपार कलली तशी पोटात आग पडली. आधी कढत चहा सांडल्यासारखं वाटलं, मग कोणी चूल सारवून पेटवल्यासारखं. टाकळकर कुशीवरून कुशीवर वळत होते, आणि वळताना कंबर आपला वेगळा हिशेब मागत होती.

"भूक लागली असेल," विजयाबाई म्हणाल्या. "मी सांगते ना, या वयात निर्जळीबिर्जळी काही नाही. फराळ करून टाका." त्यांनी साबुदाण्याची खिचडी आणली. हिरवी मिरची, दाण्याचं कूट आणि वर लिंबू. टाकळकरांनी तोंड घट्ट मिटलं. विजयाबाईंना वाटलं, काय हा माणूस, किती पक्का! आणि त्यांच्या मनात नवऱ्याबद्दल आदर दाटून आला. असा प्रसंग लग्नानंतर फार वेळा आला नव्हता, त्यामुळे टाकळकरांना तो वायाही घालवता येईना.

एवढ्यात जयंत आला. सरकारी शाळेतली मास्तरकी सोडून तो वर्षभरापूर्वी एका नव्या औषध कंपनीत एमआर झाला होता. देशात नवनव्या कंपन्या येत होत्या आणि जयंतच्या गळ्यात टाय आला होता. तो फ्रीगंजमधले दवाखाने आटोपून थेट माधव नगरला बहिणीकडे आला, तो विकेट बघायलाच.

"अरे वा, जिजाजी! कंबर? अहो, मग देव भेटला असं समजा." त्यानं बॅग उघडली. "कंपनीचा एकदम नवा माल आहे. हिंदीवाले डॉक्टर म्हणतात, भाईसाब, मरीज़ नाचते हुए जाता है. दोन घ्या, संध्याकाळी महाकालाच्या सवारीत पालखी उचलाल."

"अरे, मी एक दिलीय त्यांना," विजयाबाई म्हणाल्या.

"कधी?"

"सकाळी. गुलाबी."

"हां, मग ती उतरली असेल ताई. एकच ना?"

"एकच."

टाकळकरांच्या कपाळावर घाम आला. एकच नव्हती. पण हे जगात त्यांच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना दिवेलागणीपर्यंत बोलायची बंदी होती. ती बंदी कोणी घातली होती, हे आठवून पोटात आणखी एक कळ आली.

जयंतनं त्यांचा चेहरा पाहिला. त्याला औषधातलं फारसं कळत नसलं तरी जिजाजींतलं कळत होतं. तो दिवाणाच्या कडेला बसला, दोन पिवळ्या गोळ्या तळहातावर ठेवल्या आणि हात त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"नको असेल तर सांगा ना जिजाजी. एक शब्द. नुसतं 'नको' म्हणा. चिठ्ठी लिहिता? कागद देऊ?"

"जयंता, छळू नको त्यांना. दे पटकन."

"मी कुठे छळतोय? विचारूनच देतोय. बोला!"

टाकळकरांनी गोळ्यांकडे पाहिलं. मग जयंतच्या टायकडे. समाजाची बैठक त्यांच्या डोळ्यांपुढे आली, टाळ्या आल्या. पोटातून आगीचा एक लोळ वर आला आणि बैठकीसकट सगळं जाळून गेला.

"गाढवा, मी सकाळी उपाशीपोटी एक आधीच घेतलीय! हिची धरून दोन झाल्या! पोट जळतंय माझं!"

जयंत उठून उभा राहिला, अंपायरसारखं एक बोट वर केलं आणि म्हणाला, "आउट!"

"आउट काय, दवाखान्यात चल!" विजयाबाई ओरडल्या. सकाळची गुलाबी गोळी त्यांच्या डोळ्यांपुढे नाचत होती. त्यांनी दोन्ही गोळ्यांची पाकिटं आणि नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट पदरात घेतलं आणि रिक्षा थांबवली.

नेहमीच्या अनिल डॉक्टरांनी पाकिटं उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचला. मग चष्मा काढला.

"टाकळकर साहेब, एकच बाई पांढरी साडी नेसून आली, परत जाऊन गुलाबी नेसून आली. तुम्ही दोघींना आहेर केलात."

"म्हणजे?"

"नाव वेगळं, रंग वेगळा, औषध एकच. सुजेवरचं. गुडघा, खांदा असं त्याला कळत नाही, ते सगळीकडे फिरतं. आणि आधी बसतं पोटात. रिकाम्या पोटात तर ठाण मांडून. हे औषध जेवणानंतरच घ्यायचं, एका वेळी एक, आणि जितके कमी दिवस तितकं बरं. त्यात तुमचं ब्लडप्रेशर. हे ते वाढवतं, किडनीलाही त्रास देतं. तुम्ही तर मला विचारल्याशिवाय घ्यायलाच नको होतं."

जयंतनं पिवळी गोळी पुढे केली. "डॉक्टर साहेब, पण ही आमची नवी..."

डॉक्टरांनी तीही उलटी केली. "हीच बाई, पिवळा शालू."

जयंतनं टाय सैल केला.

डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, पोट दाबून पाहिलं आणि आगीवर पातळ पांढरं औषध लिहून दिलं. कंबरेला गरम पाण्याची पिशवी, थोडं चालणं-फिरणं, कूलरपासून लांब. "आज यातली एकही गोळी नाही. काळी शौच झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर माझी वाट बघू नका, थेट मोठं हॉस्पिटल. आणि घरी जाऊन आधी मऊ भात खा."

"आज उपास आहे," टाकळकर म्हणाले.

"महाकाल मी सांभाळतो," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर पोट शांत झालं, पण टाकळकर झाले नाहीत. चौथा सोमवार, आणि दिवेलागणीला एवढासा वेळ उरलेला. जयंत आत्तापर्यंत अर्ध्या समाजाला सांगून मोकळा झाला असेल.

विजयाबाई म्हणाल्या, "एवढं तोंड पाडू नका. बायकोचं व्रत नवऱ्याला लागतं, तर नवऱ्याचं बायकोला का नाही? उरलेलं मौन मी पुरं करते. तुमच्याच नियमानं. चिठ्ठी नाही, खूण नाही." एवढं बोलून त्या झोपाळ्यावर बसल्या आणि त्यांनी तोंड मिटलं.

टाकळकरांना गहिवरून आलं. मग भूक लागली.

"मऊ भाताचे तांदूळ कुठल्या डब्यात आहेत?"

विजयाबाई झोपाळ्यावर झुलल्या.

"बरं, हिंग? गरम पाण्याची पिशवी तरी कुठे आहे?"

झोपाळा पुढे गेला, मागे आला.

टाकळकरांनी कंबर धरून सगळे डबे उघडले. घरात इतके डबे आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. दुधाचा हिशेब विचारायला दूधवाला आला, त्याच्याशी ते बोलले. वरच्या मजल्यावरच्या अक्का आल्या. विजया बोलत नाही म्हटल्यावर त्या टाकळकरांपुढे बसल्या आणि त्यांनी आपल्या सुनेची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. टाकळकर 'हो का', 'अरेरे' आणि 'बघा ना' म्हणत राहिले, मधूनमधून उठून भात ढवळत राहिले. भात खाली लागला. दुसरा लावला. अक्का नणंदेवर आल्या. विजयाबाईंच्या चेहऱ्यावर मात्र रामघाटावरच्या पहाटेसारखी शांतता पसरली होती. त्यांनी मासिक उघडलं होतं आणि पान उलटताना त्या गालातल्या गालात हसत होत्या.

अखेर अक्का गेल्या. टाकळकरांनी स्वतः देवापुढे निरांजन लावलं, घंटा जरा जोरातच वाजवली आणि झोपाळ्यापाशी येऊन उभे राहिले.

"झाली दिवेलागण. सुटलं मौन. आता बोल बाई, काहीतरी बोल!"

विजयाबाईंनी मासिक मिटलं, समाधानानं एक लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या,

"पुढच्या वर्षी चारही सोमवार मीच धरते."