अजून किती वर्षं?

कुणी शिकलेला माणूस भेटला की आमचे वामनमास्तर नमस्कारही न करता विचारीत, "अजून किती वर्षं लागतील हो?" नवखा माणूस गोंधळून जाई. पंचवटीतल्या एका जोशीबुवांना वाटलं, स्वारी स्वतःचं आयुष्य विचारतेय. त्यांनी निमूटपणे हात पुढे करायला सांगितला.

मास्तरांना वेड विलायती कादंबऱ्यांचं, त्यातही पुढच्या काळातल्या. वाचनालयातून आणायच्या आणि संध्याकाळी गंगेच्या घाटावर बसून आम्हाला मराठीत सांगायच्या. घरं उडतात, शेती यंत्रं करतात, जात विचारली तर दंड होतो. दंडाचं निघालं की आमच्यातले दोघे धोतर झटकून उठत. पण मास्तरांचं मन अडकलं होतं ते एका नगरीत. तिथं मुलं आईच्या पोटी जन्मत नाहीत. काचेच्या पेटीत, विजेच्या उबेवर वाढतात.

"मग आई कोण, बाप कोण?" मी म्हटलं. "मास्तर, हा समाज की लोणच्याच्या बरण्या?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. "बायकांना त्रास नाही हो," एवढंच पुटपुटले.

त्याच वर्षी त्यांची एकुलती एक यमू पहिल्या बाळंतपणासाठी मालेगावहून माहेरी आली आणि मास्तरांची झोपच उडाली. मिशनच्या दवाखान्यात जाऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंना गाठलं. "ती काचेची पेटी, अजून किती वर्षं?"

"शंभर तरी," बाई थट्टेनं म्हणाल्या.

"यमूला आठवा लागलाय. थोडं अलीकडे नाही का आणता येणार?"

ही गोष्ट मी गावभर रंगवून सांगितली. यमूला जन्म देतानाच तिची आई गेली, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून सांगितली.

यमूच्या कळा सुरू झाल्या तेव्हा मास्तरांनी मलाच बोलावून घेतलं. ओसरीवर बसले होते, मांडीवर तीच कादंबरी. आत यमू ओरडली की एक पान उलटत.

"वाचताय?" मी विचारलं.

"छे. काळ थोडा पुढं ढकलतोय."

दुपार तशीच गेली. उन्हं कलली तेव्हा कुठं दार उघडलं आणि सुईण भागूबाई फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली.

"मास्तर, नात झाली. आवाज लय खणखणीत हाय."

मास्तर उभे राहिले. बाळाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "यमू बोलतेय का?"

"बोलतीय की. पेज मागतीय."

मास्तर मटकन खाली बसले आणि पंच्यानं तोंड झाकून घेतलं.

माझ्या घरी चार वेळा अशीच सुईण बाहेर आली होती. मुलगा की मुलगी, एवढंच मी चारही वेळा विचारलं होतं.