फुटते की अख्खी?

आमच्या शेजारचे तुळशीरामकाका रस्त्यावरून जाणारी गाडी बघत नाहीत, तिचा नंबर फोडतात. ओट्यावर बसून, मांडीवर बोटं आपटत, आधी तीननं, मग सातनं, मग अकरानं. नंबर कशानंच गेला नाही की समाधानानं म्हणतात, "अख्खा दाणा." गेला तर, "कणी."

काकांचा जन्म तुमसरच्या एका राईस मिलच्या गोदामात गेला. तांदळाचे कट्टे, म्हणजे पोती, मोजायची आणि सरळ रांगांची थप्पी लावून घ्यायची, हे त्यांचं काम. एखादा कट्टा उरला की त्यांना जेवण जात नसे, असं काकू सांगतात. स्वतःचं वयही ते याच मापात सांगतात. "सदुसष्ट, अख्खा. आता एकाहत्तरपर्यंत कणीतच काढायचं."

शाळेत मी हे सगळं प्राइम नंबर म्हणून पाठ केलं होतं. शंभराच्या आतली पंचवीस नावं, बाईंनी विचारली की घडाघडा म्हणायची. त्यांचा कट्ट्यांशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नाही.

मागच्या गल्लीतले गुरुजी नव्या स्कूटरचे पेढे घेऊन आले तेव्हा काकांनी नंबर पाहिला, २०२१, आणि पेढा हातातच राहिला. गुरुजींचा चहा संपला, इकडचं तिकडचं बोलणं संपलं. ते उठायला लागले तसे काका म्हणाले, "फुटली. त्रेचाळीस गुणिले सत्तेचाळीस. अभिनंदन." गुरुजींना हसावं की नाही ते कळेना.

मी सहसा आपणहून बोलत नाही. पण त्या दिवशी कुंपणाजवळ जाऊन विचारलं, समजा फुटलीच नसती, तर कुठवर भागत बसला असता?

"पंचेचाळीसच्या आत थांबलो असतो."

का ते त्यांनी चिंचोके मांडून दाखवलं. छत्तीस चिंचोके. दोनाच्या अठरा रांगा, तीनाच्या बारा, चाराच्या नऊ, सहाच्या सहा. रांगेत एकेक वाढत गेला की रांगा कमी होत जातात. दोन्ही सारखे झाले की पुढे नवीन काही नाही, नवाच्या चार म्हणजे चाराच्या नऊच, फक्त दुसऱ्या बाजूनं पाहिलेल्या. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस रांगा केल्या की दोन हजार एकवीस ओलांडले जातात, म्हणून तिथं थांबायचं. दहा वर्षांच्या शाळेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

या वर्षी मी स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाले. त्यानंतर घराबाहेर पडणंच बंद केलं. कुणी भेटलं की पहिला प्रश्न तोच, "लागली का नोकरी?" हनुमान मंदिराच्या पंगतीलाही मी गेले नाही. घरचे सगळे गेले, मी दाराला कडी लावून बसले.

थोड्या वेळानं कडी वाजली. दारात घामाघूम काका.

"बेटा, मोठी पंचाईत झाली. एक्याण्णव पानं झाली. फुटूनच नाही राहिली. सारे ताटकळून बसले आहेत. तू आली तं ब्याण्णव, तेवीसच्या चार रांगा."

त्यांचा चेहरा इतका खरा होता की मी चपला घातल्या. तिकडे लोक खरंच वैतागले होते. "रांगा कायले पाह्यता काका, वरण थंडं होऊन राहिलं," असं कुणीतरी ओरडलं. काकांनी लक्ष दिलं नाही. मला शेवटच्या रांगेत, अगदी टोकाला बसवलं. शेजारी एकच म्हातारी बाई, कानांनी पार बहिरी. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली आणि जेवायला लागली.

मला कुणी काही विचारलं नाही. भात कालवता कालवता काकांकडून लागलेल्या सवयीनं मी एक्याण्णवला भागायला लागले. तीननं जात नाही. पाचनं नाही. सातनं...

माझा हात थांबला. तेवढ्यात काका वरणाची बादली घेऊन आमच्या रांगेत आले.

मी हळूच म्हटलं, "काका, एक्याण्णव सातनं जाते. तेराच्या सात रांगा."

त्यांनी माझ्या भातावर वरण ओतलं.

"जाते ना," ते म्हणाले. "पण मंग तू आली नसती."

आणि पुढच्या पानाकडे वळले.